मीठ ओलं झालं की कॅमेरा बघा

गौरींच्या आरतीचे फोटो रात्री संगणकावर पाहिले, तेव्हा समईच्या प्रत्येक ज्योतीभोवती धुकट वलय दिसलं. गौरींच्या काळ्या केसांचा रंग राखाडी झाला होता. आधी वाटलं, उदबत्तीचा धूर असेल. मग लेन्स काढली, मागून टॉर्च धरला आणि आत डोकावलो. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू होते, एका बिंदूपासून चहूकडे फुटलेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ती लेन्स पुसून, चामड्याच्या पाऊचमध्ये घालून, लाकडी कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली होती. फार जपून ठेवली, असं मला वाटत होतं. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी एकदाच पाहिलं आणि विचारलं, "पावसाळाभर कपाटात होती ना?"

काचेवर बुरशी जगते कशी, हा प्रश्न तेव्हा पडला. पावावर, लोणच्यावर, चपलांवर तिला खाणं असतं. काचेवर काय आहे? पुरेसं आहे. बोटाचा तेलकट ठसा, धुळीतले कण, लेन्सच्या आतलं वंगण एवढ्यावर तिचं भागतं. तिचे बीजाणू काही मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. झूम पुढे-मागे केला की लेन्स हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर बीजाणूही आत जातात. ते प्रत्येक लेन्समध्ये असतात, माझ्या आणि तुमच्याही. फक्त पाण्याची वाट बघत पडून राहतात. त्यासाठी थेंब लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, की काही जातींचं काम होतं. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या पुढे असते.

खरं नुकसान पुढे होतं. वाढताना बुरशी सेंद्रिय आम्लं सोडते. लेन्सच्या काचेवर चकाकी कमी करणारा थर असतो. साधा थर असेल तर मॅग्नेशियम फ्लोराइडचा, जेमतेम १०० नॅनोमीटर जाड. नुसती काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते, हा थर ते प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास आणतो. आम्ल नेमकं त्यालाच खातं. म्हणून वेळेत साफ केली तर बुरशी जाते, उशीर झाला तर तंतू पुसले तरी त्यांची नक्षी काचेवर कायमची राहते. फोटोत मात्र डाग उमटत नाही, कारण ते तंतू फोकसमध्ये नसतातच. ते प्रकाश विखुरतात, आणि चित्रातला काळेपणा हळूहळू धुतला जातो. त्यामुळेच महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

हे दुखणं नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सैन्याच्या दुर्बिणी अशाच आंधळ्या होत होत्या, आणि त्यावर उपाय शोधायला मेलबर्न विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ बसले होते.

आता मिठाकडे येतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणावतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. त्यामागे एक पक्का आकडा आहे: आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मिठाचा स्फटिक हवेतलं पाणी ओढून त्यात स्वतःच विरघळायला लागतो. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते त्याही आधी ओलं होतं. म्हणजे मिठाची बरणी हा स्वयंपाकघरातला आर्द्रतामापक आहे. ती ओलसर दिसली, की कपाटातल्या कॅमेऱ्यावर संकट येऊन उभं आहे असं समजावं. या आकड्याचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. बाजारातला छोटा आर्द्रतामापक खरा सांगतो का, हे बघायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावं, चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करावं, आणि झाकण व यंत्र एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवावं. सकाळी काटा ७५ वर हवा. माझा ८० दाखवत होता; तेव्हापासून मी पाच वजा करून वाचतो.

खरं तर आपल्या आया-आज्यांनी हे शास्त्र वापरूनच पावसाळे काढले. पापड सादळू नयेत म्हणून डब्याला घट्ट झाकण, सुकवलेलं सामान चुलीच्या वर, उबेला. ऊब का? हवा तापली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची पाणी धरायची ताकद वाढते. २८ अंशांची ८५ टक्के दमट हवा ३४ अंशांपर्यंत नेली, तर आर्द्रता ६० टक्क्यांवर येते. जुने फोटोग्राफर कपाटात लहान बल्ब जळता ठेवत, तो याचसाठी.

मी पापडांची रीत उचलली. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत कॅमेरा, लेन्स, दुर्बीण, आणि सिलिका जेल. हे जेल बनवायच्या पद्धतीचं पेटंट १९१९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वॉल्टर पॅट्रिक यांना मिळालं. त्याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचं क्षेत्रफळ पसरलं तर सात-आठ बॅडमिंटन कोर्टं व्यापतील. त्या भिंतींना पाणी चिकटतं. निळे खडे घेऊ नयेत, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. नारिंगी घ्यावेत, भरले की हिरवे होतात. मग ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले, की पुन्हा नारिंगी. त्यांचं भांडं मात्र वेगळंच ठेवावं.

तांदूळ मात्र या कामाचा नाही. त्याच्यात आधीच १२-१३ टक्के ओलावा असतो, आणि त्याची पूड ही बुरशीची मेजवानी. चामड्याचं पाऊचही डब्यात नको. चामडं ओल धरतं आणि स्वतःच बुरसतं. डबा अगदी कोरडाठाक करायचाही हट्ट नको. ४० ते ५० टक्के पुरे, त्याखाली रबर आणि वंगणाला सोसत नाही.

पावसाळ्यात आणखी एक चूक मी अनेकदा केली. एसीच्या खोलीतून कॅमेरा घेऊन थेट गच्चीवर. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के असताना २५ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. थंड लेन्स क्षणात पांढरी होते, आतूनही. आता निघण्याआधी अर्धा तास बंद पिशवी बाहेर ठेवतो. काच उबदार झाल्यावरच चेन उघडतो.

त्या लेन्सवर नखाएवढी नक्षी राहिली ती राहिलीच. काकांनी तंतू काढले, थर परत आणणं त्यांच्या हातात नव्हतं. मी ती विकली नाही. दर रविवारी डब्यातून काढतो, उन्हात दहा मिनिटं फिरवतो, काहीतरी टिपतो. उजेडाकडे तोंड केलं की समईच्या ज्योतीला अजून थोडं वलय येतं. यंदा मृग लागायच्या आधीच खडे तापवून डब्यात भरले आहेत, आणि डब्याचं स्थान कपाटातून हलवून स्वयंपाकघराशेजारच्या फळीवर, मिठाच्या बरणीच्या नजरेत आणलं आहे.