मेंदूची घडण आणि घराण्याची बुद्धि

मूल अभ्यासांत मागें पडलें कीं घरांतील वडील मंडळी त्याच्या आजोळाकडे बोट दाखवितात. पहिलें आलें कीं तोच गुण आपल्या घराण्याचा ठरतो! ‘रक्तांतच आहे’ हें वाशीमपासून मुंबईपर्यंत आपण सारख्याच सहजतेनें म्हणतों. गर्भांत मेंदू कसा घडतो हें पाहतां, हे शब्द जरा जपून उच्चारावे असें आम्हांस वाटतें.

मनुष्याच्या पेशींत सुमारें २०,००० जनुकें असतात, आणि उंदराच्या पेशींतही जवळजवळ तितकींच. मग फरक कोठें? कोणतें जनुक केव्हां व कोठें जागें होतें, यांत. वाशीमचा, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माचा, वाकाटक ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला. त्यांतील वंशावळ संस्कृतांत, तर दानाचा तपशील प्राकृतांत आहे. विषय बदलतांच भाषा बदलते. पेशीही आपल्या ठिकाणानुसार एकाच पोथींतील निराळें पान वाचते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन येथें मुद्दाम सांगण्याजोगें आहे. उंदराच्या गर्भांत ‘एलएचएक्स२’ हें जनुक कांहीं पेशींना मेंदूचा बाह्य थर होण्यास बजावीत असतें. तें ज्या पेशींतून नाहींसें केलें, त्यांतील कांहीं त्या थराऐवजीं त्याची किनार बनल्या. या किनारीचें काम शेजारच्या पेशींकडून स्मृतीचें केंद्र, हिप्पोकॅम्पस, घडवून घेण्याचें! परिणामीं एकाच मेंदूंत हिप्पोकॅम्पस अनेक ठिकाणीं उगवला. आरंभींची मुदत टळल्यावर मात्र तेंच जनुक काढलें तरी किनार बनत नाहीं. पुढें तर तें निराळेंच काम करतें: हिप्पोकॅम्पसच्या पूर्वपेशींनीं चेतापेशी निर्माण कराव्या कीं आधारपेशी, हें ठरवितें. डॉ. टोळे यांस २०१४ सालीं इन्फोसिस पारितोषिक मिळालें.

मनुष्य व चिंपांझी यांतील अंतरही मुख्यतः अशा आज्ञांचें असावें, असें किंग व विल्सन यांनीं १९७५ सालींच सुचविलें होतें. २०१५ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत अशी एक आज्ञा उंदरांच्या गर्भांत घालून पाहिली; मनुष्याची आज्ञा मिळालेल्यांचा मेंदू चिंपांझीची मिळालेल्यांपेक्षां सुमारें १२ टक्के मोठा झाला.

अशा आज्ञा असंख्य, आणि त्या आई व बाप दोघांकडूनही येतात. सुनेच्या माहेरावर दोष टाकण्यास येथें कांहींच आधार नाहीं. घरच्यांच्या हातीं आहे तें निराळेंच: मेंदूची मूळ नळी गर्भधारणेपासून सुमारें २८ दिवसांत मिटते, पुष्कळदां दिवस गेल्याचें कळण्यापूर्वींच, म्हणून तिच्यांतील व्यंग टाळणारी फोलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, वैद्यकीय सल्ल्यानें आधींपासूनच सुरू करावयाची असते.