चढावर पळताना पोटऱ्या दुखतात?
पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी गावची पोरे पहाटे घाटरस्त्यावर पळतात आणि पोटऱ्या भरून आल्या म्हणून मध्येच बसतात. चढावर भार चवड्यावर येतो, टाच नीट टेकत नाही. सारा ताण पोटरीवर पडतो. म्हणून आधी १० मिनिटे सपाटीवर चाला. चढावर पावले आखूड टाका. दिवसाआड पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाचा सावकाश वर-खाली करा. एकाएकी सणसणीत कळ आली, तर पळणे थांबवा. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, चोळू नका. एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर भरती तोंडावर असली तरी डॉक्टरांना दाखवा. भरती पुन्हा निघेल. पाय जन्मभर लागायचा आहे.