लग्न थांबलं, पुढे काय?

मराठवाड्यात एखादा बालविवाह थांबवायला बहुतेक वेळा एक संध्याकाळ पुरते. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कुणीतरी फोन करतं, जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाडी निघते, ग्रामसेवक आणि पोलीस गावात पोचतात, शाळेच्या जनरल रजिस्टरमधला जन्मतारखेचा उतारा समोर ठेवला जातो आणि मांडव उतरतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. बातमीनंतर त्या मुलीचं काय होतं, हे मला पाहायचं होतं. म्हणून एका जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सामाजिक कार्यकर्तीबरोबर मी एक हंगामभर अधूनमधून फिरले. त्यांना सगळा तालुका ताई म्हणतो. मीही तेच म्हणेन. मुलीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगी नववीतली, पंधरा पूर्ण झालेली. आईवडील ऊसतोड कामगार. दसरा होऊन गेला होता, टोळ्या निघायला दोनेक आठवडे उरले होते आणि दुसऱ्या दिवशी हळद होती. फोन कुणी केला ते ताईंनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते नाव गुप्त ठेवायचं असतं आणि त्या ते कसोशीनं पाळतात.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६चा. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकाची, त्याला साथ अंगणवाडी सेविकेची. कागदावर हे सरळ आहे. पण त्या ग्रामसेवकाला उद्याही त्याच गावात घरपट्टी वसूल करायची असते आणि सेविका तर त्याच आळीत राहते. दोघंही दाराशी घुटमळत होते. ताईंनी येताना वाटेतच शाळेच्या मुख्याध्यापकांना गाडीत घेतलं होतं. “शाळेचे सर आले की निम्मं भांडण तिथंच मिटतं,” त्या म्हणाल्या. झालंही तसंच. पोलिसांना पाहून चढलेले आवाज सरांना पाहून खाली आले, कारण त्या घरातल्या दोन पिढ्या त्यांनी शिकवल्या होत्या.

मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र वडिलांकडून लिहून घेणं चाललं होतं. त्यांनी सही करायला पेन हातात घेतलं आणि थांबले. “नाही करत लग्न. पण आम्ही कोयत्यावर गेल्यावर पाच-सहा महिने हिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? ते तुम्ही लिहून द्या.”

मांडवाखाली कुणीच बोललं नाही. सही झाली, पंचनामा झाला, गाड्या परत निघाल्या. परतताना ताई म्हणाल्या की त्यांच्या कामाला खरी सुरुवात या प्रश्नापासून होते.

ज्यांनी ऊसतोडीचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी त्याच्याशी बांधलेली असते. दिवाळीच्या आगेमागे माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. वयात आलेली मुलगी मागे ठेवावी तर राखायला कोणी नाही. बरोबर न्यावी तर फडाकडेच्या कोपीत ना दार ना कडी. तिचं लग्न लावून दिलं की घोर मिटतो आणि सासरला एक नवा कोयता मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात जवळपास २२ टक्के होतं. बीड जिल्ह्यात ते चाळीसच्या वर होतं. त्या बापाचा प्रश्न या आकड्याच्या मुळाशी आहे. तो निर्दय आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला बालकल्याण समितीपुढे नेलं. ज्याचं लग्न वयाआधी होण्याचा धोका आहे ते मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरतं आणि त्याला चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावं लागतं. एक अध्यक्ष, चार सदस्य. अधिकार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. महिन्यात किमान वीस दिवस बैठक भरवणं कायद्यानं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात खोली साधी होती: एक लांब टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीशी फायलींनी भरलेलं लोखंडी कपाट. बाहेरच्या व्हरांड्यात बाल संगोपन योजनेची माणसं बसली होती. एक पालक गेलेल्या किंवा अनाथ मुलांना नातेवाइकांकडे राहून शिकता यावं म्हणून महाराष्ट्रात ही योजना आहे. २०२३ पासून तिला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि महिना २,२५० रुपये मिळतात. अर्जाला मृत्यूचा दाखला, बोनाफाईड, आधार, पासबुक लागतं आणि मूल व पालक यांचा घरासमोर उभं राहून काढलेला फोटोही लागतो. एक बाई नातवाला घेऊन आली होती. तिचं घर म्हणजे पाल, आणि तेही आता दुसऱ्या गावाला हललेलं. तिनं पालासमोरचा फोटो लावला होता आणि हा चालेल का, असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती. चालला. पण तोवर ती सकाळपासून तिथं बसून होती.

आत समितीनं आईवडिलांना बाहेर बसवून मुलीला एकटीला विचारलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एका सदस्य बाईंनी शाळेचं विचारलं, कोणता विषय आवडतो वगैरे, तेव्हा ती म्हणाली, “मला शाळा नाही सोडायची. पण बालगृहात नका पाठवू. आजीपाशी राहते.”

समितीसाठी सगळ्यात सोपा आदेश बालगृहाचा असतो. मूल सुरक्षित, फाइल पूर्ण. पण कुटुंबात राहू शकणाऱ्या मुलाला संस्थेत टाकणं हा शेवटचा उपाय असावा, असं हा कायदाच सांगतो. समितीनं तिला तात्पुरतं आजीकडे सोपवलं, देखरेख ताईंकडे दिली आणि पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मागितला. आदेश जेमतेम एका पानाचा होता. तो खरा करण्यासाठी ताईंना जे करावं लागलं ते कुठल्याही आदेशात लिहिलेलं नसतं.

आजी आईची आई. एकटी राहणारी, डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या गावात शाळा सातवीपर्यंत, म्हणजे नववीसाठी तालुक्याला जायला हवं. पहिला विचार वसतिगृहाचा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना शासनानं आखली आहे. तीही आहे, समाजकल्याणची जुनी वसतिगृहंही आहेत. ताईंनी एका वसतिगृहाच्या गृहपालांना फोन केला. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्येच संपलेले. एक जागा रिकामी होती, पण जातीचा दाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, त्यासाठी वडील हवेत, आणि वडील आठवड्याभरात निघणार. आधार कार्डावर आडनाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपल्या नियमाप्रमाणे बरोबर बोलत होता. मुलगी मात्र या सगळ्या बरोबर उत्तरांच्या मधल्या फटीत उभी होती.

ताईंनी वसतिगृह पुढच्या जूनवर टाकलं आणि कागद आत्ताच गोळा करून ठेवायचे ठरवलं. वडिलांना निघण्याआधी तहसीलमध्ये नेलं. मग राहिला रोजचा प्रवास. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे. पास मिळाला, पण आजीच्या गावाहून सुटणारी सकाळची पहिली गाडी शाळेत दोन तास बुडवून पोचत होती. ताई आगारात गेल्या. तिथल्या साहेबांनी सांगितलं की शाळेचं पत्र आणा, किती मुली आहेत ते लिहून आणा. मुख्याध्यापकांनी हजेरीपट काढला तेव्हा त्याच वाटेवरच्या आणखी काही मुली दिवाळीपासून वर्गात आलेल्या नव्हत्या. त्या का येत नाहीत हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. पत्र गेलं, पाठपुरावा झाला, काही आठवड्यांनी गाडी लवकर सुटू लागली. एका मुलीच्या फाइलमुळे गाडीची वेळ बदलली आणि त्या बाकीच्या मुली शाळेत परतल्या. या सगळ्या काळात मी पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि ती कुठल्याच अहवालात मोजली जाणार नाही.

आजीच्या घरी आठवड्यातून एकदा डोकवायचं काम तिथल्या अंगणवाडी सेविकेनं घेतलं. गावच्या आशा कार्यकर्तीनं आजीला मोतीबिंदूच्या शिबिराला नेलं. खरं तर हे दोन्ही मुलीच्या आदेशाबाहेरचं. पण आजीला दिसलं तरच नातीकडे लक्ष राहणार.

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. मुलीला सहा वर्षांचा धाकटा भाऊ आहे. फाइल तिची होती, म्हणून चर्चा तिचीच झाली, आणि तो आईवडिलांबरोबर निघून गेला. थंडीत ताईंनी आईला फोन केला तेव्हा सहज विचारलं, “धाकटा शाळेत जातो का तिकडं?” आई म्हणाली, “जातो कशाचा, बैलापाशी बसतोय.” स्थलांतरित मुलांना जिथं जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं जातं. त्याचं कार्ड शाळेनं दिलेलं होतं. ते घरी, कुलूप लावलेल्या खोलीत राहिलं होतं. ताईंनी त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या आपल्यासारख्याच कार्यकर्तीचा नंबर मिळवला. तिनं कारखान्याजवळचा तळ शोधून पोराला जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवलं. दोन जिल्ह्यांमध्ये यासाठी पत्रव्यवहाराची रीत आहे, पण काम झालं ते दोन बायकांच्या फोनवर.

जिल्ह्यात समन्वयाच्या बैठका होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. गावोगाव ग्राम बाल संरक्षण समित्या आहेत. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव. त्यातली एखादी जिवंत असली तर मांडव पडायच्या आधीच बोलणं होतं, हेही मी पाहिलं. पण बैठकीत आकडे मांडले जातात: किती विवाह रोखले, किती मुलं हजर केली. रोखलेल्या लग्नातली मुलगी तीन महिन्यांनी शाळेत आहे का, हा आकडा मी जिथं बसले त्या बैठकीत कुणाकडे मागितला गेला नाही. तो ताईंकडे होता. त्यांच्याकडे एक जाड वही आहे, हातानं आखलेली. त्यात मुलाचं नाव, गाव, आदेशाची तारीख, आणि शेवटी असा एक रकाना जो कुठल्याही छापील नमुन्यात मला दिसला नाही: पुढचा फोन कधी. त्या रकान्यात तारीख असते आणि त्या तारखेला फोन जातो.

वहीइतकंच महत्त्वाचं हेही सांगायला हवं की जिल्हा बाल संरक्षण कक्षातली ही माणसं कंत्राटी आहेत. ताई उद्या गेल्या तर फाइल कपाटात राहील. पण आजीच्या गावची गाडी किती वाजता सुटते आणि मुकादमाचा फोन कोणता, ते त्यांच्याबरोबर जाईल. १९९६ मध्ये मुंबईत जेरू बिलिमोरिया यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतून १०९८ची चाइल्डलाइन सुरू केली, ती अनेक वर्षं स्वयंसेवी संस्थांच्या माणसांनी चालवली. २०२३ मध्ये ती सरकारी यंत्रणेत आली. फोन उचलण्याची व्यवस्था आपण उभी केली आहे. फोननंतर वर्षभर मुलाच्या मागे राहणाऱ्या माणसाची नोकरी मात्र अजून पक्की केलेली नाही. माझ्या मते सगळ्यात आधी करायची गोष्ट ही आहे, आणि दुसरी म्हणजे पुढच्या भेटीची तारीख व ती कोण घेणार त्याचं नाव समितीच्या प्रत्येक आदेशात लिहिणं. याला नवी योजना लागत नाही.

एप्रिलमध्ये आईवडील परतले. मुलगी नववी पास झाली. वसतिगृहाचे कागद पूर्ण आहेत. ताईंच्या वहीत तिच्या नावापुढे नवी तारीख पडली आहे, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यातली, कारण थांबवलेली लग्नं त्या मुहूर्तावर दुसऱ्या गावी लावली जातात.

तुमच्या गावात असं लग्न ठरत असेल तर १०९८ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस लागतो आणि तुमचं नाव कुणाला कळत नाही. आणि लग्न थांबल्यावर दोन महिन्यांनी त्याच नंबरावर पुन्हा फोन करून विचारा, ती मुलगी शाळेत जाते आहे का.