‘लाबोरांट’ आणि ‘प्रयोगशाळा सहायक’

लॅटिनमध्ये ‘लाबोरारे’ म्हणजे श्रम करणे; त्यावरून ‘श्रम करणारा’ या अर्थाचे ‘लाबोरांट’ हे नाम सिद्ध झाले. जर्मन, पोलिश, चेक व रशियन भाषांत ते थोड्याफार उच्चारभेदाने प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यास उद्देशून रूढ आहे. फ्रेंच भाषेने तर आपले रूप ‘लाबोरांटिन’ या जर्मन स्त्रीलिंगी शब्दावरूनच घेतले. इंग्रजीत मात्र ‘लॅबोरेटरी असिस्टंट’ असे जोडपद योजावे लागते. आपले ‘प्रयोगशाळा सहायक’ हे त्याच धर्तीचे होय.

लॅटिनने स्थळ व व्यक्ती या दोहोंना श्रमावरून नावे दिली. मराठीत स्थळाचे नाव प्रयोगावरून पडले. ‘प्रयोगकर्ता’ ही संज्ञा संशोधकाकडे गेली आणि प्रत्यक्ष हात चालविणारा ‘सहायक’ अथवा ‘परिचर’, म्हणजे सेवक, ठरला.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे बीजपरीक्षणाच्या उदाहरणावरून दिसते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ स्थापन केली, तेव्हापासून जालना बियाण्यांसाठी ख्यात आहे. उगवणशक्तीच्या प्रमाणित चाचणीत ४०० बिया रुजत घालून निकोप रोपे, विकृत रोपे व मृत बिया वेगळ्या मोजतात. रोप निकोप की विकृत, हे मोजणाऱ्याची सरावलेली नजर ठरविते आणि त्या निर्णयावर शेतकरी पेरणी करतो. अशा कामास ‘साहाय्य’ म्हणणे अपुरे आहे. जर्मनीत रासायनिक लाबोरांटचे व्यवसायशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. तेथे ती स्वतंत्र विद्या मानली जाते.

परिभाषाकारांनी ‘प्रयोगकर्मी’ या शब्दाचा विचार करावा. त्यात श्रमही आहे आणि प्रयोगही.