साप वेगळे, औषध एकच

जैसलमेरच्या वाळवंटात शेळ्या राखणाऱ्याला फुरसे चावले, आसामात भातलावणी करणाऱ्या बाईला नाग चावला किंवा विदर्भात जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावली, तर तिघांनाही सरकारी रुग्णालयात एकच औषध मिळते. त्याचे नाव प्रतिसर्पविष. खेड्यापाड्यांत त्याला 'सापाचे इंजेक्शन' म्हणतात. तिन्ही ठिकाणच्या कुपीत औषध तेच असते. साप मात्र तेच नसतात.

भारताच्या निसर्गाची विविधता आपण कौतुकाने सांगतो. एका टोकाला थरचे वाळवंट, दुसऱ्या टोकाला ईशान्येची पावसाळी जंगले, वर हिमालय, खाली सह्याद्री आणि समुद्रापलीकडे अंदमान. या प्रत्येक भूभागाने आपापले साप घडवले आहेत. हिमालयातील पिट व्हायपर चार हजार मीटरहून अधिक उंचीवरही आढळतो. अंदमानात तिथलाच असा वेगळा नाग आहे. नागराज ही एकच जाती असल्याचे दीर्घकाळ मानले जात होते. २०२४ साली शास्त्रज्ञांनी तिच्या चार जाती केल्या, त्यांतील एक फक्त पश्चिम घाटातली आहे. देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक बिनविषारी आहेत. माणसाचा जीव घेणारे साप मोजकेच, पण तेही सगळीकडे सारखे नाहीत.

आपल्याकडील औषध चार सापांच्या विषावर बेतलेले आहे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. देशात सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू या चौघांमुळे होतात, म्हणून ही निवड योग्यच होती. औषध बनवण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. सापाचे विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत, हळूहळू वाढवत टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. म्हणजे औषधाला तेवढेच विष ओळखता येते, जेवढे घोड्याला दाखवले गेले.

मग घोड्याला दाखवलेले विष कुठले? बऱ्याच अंशी ते तामिळनाडूतून येते. चेन्नईजवळच्या भागातील इरुळा आदिवासी पिढ्यानपिढ्या साप पकडण्यात तरबेज. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापाच्या कातड्याचा धंदा बंद झाला आणि त्यांची रोजीरोटी गेली. त्यातून १९७८ साली सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने साप पकडायचे, काही आठवडे ठेवून विष काढायचे आणि पुन्हा जंगलात सोडायचे, असे तिचे काम चालते. या संस्थेतील मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. देशातल्या असंख्य रुग्णांचे प्राण या लोकांच्या हातांनी वाचले आहेत. अडचण त्यांच्या कामात नाही. एवढ्या मोठ्या देशाची गरज एका कोपऱ्यातल्या विषावर भागवली जाते, ही अडचण आहे.

विष हे सापाचे शिकारीचे हत्यार. ते अनेक प्रथिनांचे मिश्रण असते आणि त्याचे प्रमाण सापाचे भक्ष्य, वय व हवामान यांनुसार बदलते. घोणसाच्या पिल्लाचे विष मोठ्या घोणसाच्या विषासारखे नसते. कोरड्या प्रदेशातील घोणस आणि ओलसर प्रदेशातील घोणस दिसायला सारखे असले तरी त्यांच्या विषाची घडण वेगळी असू शकते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली चौघांच्या पलीकडच्या काही सापांची विषे तपासली. पश्चिम भारतातील सिंध मण्यार, पट्टेरी मण्यार, पूर्वेकडील एका डोळ्याच्या खुणेचा नाग अशा काही सापांच्या विषावर बाजारातील औषध कमी पडते, असे त्यात दिसले. यांतील पट्टेरी मण्यार आपल्या पूर्व विदर्भातही आहे.

दवाखान्यातला अनुभवही तेच सांगतो. पश्चिम राजस्थानातील फुरसे दक्षिणेतील फुरशापेक्षा वेगळ्या उपजातीचे आहे. तिथल्या काही रुग्णांत भरपूर कुप्या देऊनही रक्त गोठण्याची क्रिया लवकर पूर्ववत होत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. २००७ साली केरळमधील डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. तिथे फुरसे समजून उपचार झालेल्या काही रुग्णांना प्रत्यक्षात चावला होता नाकाचे टोक वर वळलेला एक छोटा पिट व्हायपर. त्याच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि आपले औषध त्यावर चालत नाही. हा साप सह्याद्रीत गोव्यापर्यंत आढळतो.

हे वाचून कोणी 'मग इंजेक्शन घेऊन काय उपयोग?' असे म्हणेल, तर ती जिवावर बेतणारी चूक ठरेल. महाराष्ट्रात बहुतांश गंभीर दंश याच चौघांचे असतात आणि त्यांवर हेच औषध प्राण वाचवते. त्याला दुसरा पर्याय नाही. औषध कमी पडण्यापेक्षा ते उशिरा मिळण्याने कितीतरी अधिक माणसे दगावतात.

शिवाय डॉक्टर सापाच्या नावापेक्षा रुग्णाकडे पाहून उपचार करतात. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त पातळच राहिले, तर विष भिनले आहे. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर काम करते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास मंदावतो. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, व्रणही दिसेलच असे नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटात दुखते म्हणून उठले आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर अपचन समजून ओवा देत बसू नये. श्वास थांबला तरी कृत्रिम श्वासाच्या आधारावर असे रुग्ण पूर्ण बरे होतात. लहान मुलालाही औषधाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण साप वय पाहून विष सोडत नाही.

दंश झाल्यावर हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तसा पट्टीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात आणि रुग्णाला चालू न देता रुग्णालयात न्यावे. दोरीने आवळणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, मांत्रिकाकडे नेणे यांत फक्त वेळ जातो आणि इजा वाढते. साप मारून किंवा पकडून आणण्याची गरज नाही. त्यात दुसऱ्यालाही दंश होतो.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. मरणारे बहुतेक गावातले, शेतात राबणारे. केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगण्यात आले. ही नोंद नीट झाली, तर कोणत्या तालुक्यात कोणता साप चावतो आणि कुठे औषध कमी पडते, हे पहिल्यांदा नकाशावर दिसेल. त्या नकाशाप्रमाणे राजस्थान, ईशान्य भारत, पूर्व किनारा, सह्याद्री अशा भागांतील सापांचे विष औषधनिर्मितीत आले पाहिजे.

तोवर घरच्या पातळीवर करण्यासारखे बरेच आहे. पावसाळ्यात खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, रात्री बॅटरीशिवाय अंगणात जाऊ नये, गवत कापताना बूट घालावेत, उंदीर वाढतील अशी अडगळ घराला लागून ठेवू नये. आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविषाच्या कुप्या आहेत का, याची चौकशी ग्रामसभेत पहिल्या पावसाआधीच करावी. दंश झाल्यावर ती चौकशी करायला वेळ नसतो.