नाडी, घटका आणि सेकंद

‘नाडी’ या शब्दाचे दोन अर्थ आपल्या परंपरेत शेजारी शेजारी नांदत आले आहेत. (तिसरा अर्थ पायजम्याशी संबंधित असून तो येथे प्रस्तुत नाही.) वैद्य मनगटावर बोटे ठेवून पाहतो ती एक नाडी. ज्योतिषगणितातली नाडी म्हणजे घटका, अर्थात आजची २४ मिनिटे. एकाच शब्दाने शरीरातील ठोका आणि आकाशातील काळ या दोहोंचा बोध व्हावा, ही गोष्ट वैद्यकाचा विद्यार्थी असल्यापासून माझ्या मनात घर करून आहे.

‘सूर्यसिद्धान्ता’तील कोष्टक वाचले की हे नाते अधिकच गहिरे वाटू लागते. सहा प्राण म्हणजे एक विनाडी, साठ विनाड्यांची एक नाडी आणि साठ नाड्यांचे एक अहोरात्र. येथे ‘प्राण’ म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास. गुणाकार केला तर दिवसाला २१,६०० श्वास होतात, म्हणजे मिनिटाला बरोबर १५. प्रौढ माणसाचा स्वाभाविक श्वसनदर १२ ते २० असतो हे आपण सारे डॉक्टर जाणतोच. आता दुसरी बाजू पाहा. वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाच्या ६० कला मिळून कलाही २१,६००च होतात. माणसाचा एक श्वास पुरा होतो तेवढ्यात आकाश एक कला सरकते. आर्यभटाच्या मते आकाश नव्हे, पृथ्वीच तेवढी फिरते. माझा तर्क असा, की येथे कोणी श्वास मोजून एकक ठरवलेले नाही. वर्तुळाच्या कला आधी होत्या आणि श्वास त्यांत सोयीने बसला. तरीही तो इतका नेमका बसला याचे कौतुक वाटतेच.

परंतु श्वास हे मोजमाप म्हणून कितपत विश्वासाचे? जिना चढून आलेल्या माणसाचे श्वास दुप्पट होतात. तेव्हा श्वास जलद झाला, दिवस मंदावला नाही, हे आपल्याला कशावरून कळते? तिसऱ्या एखाद्या नियमित गोष्टीशी ताडून पाहिल्यावरच. वैशेषिकांनी काळ हे द्रव्य मानले, पण ते इंद्रियांना दिसत नाही; ‘आधी’, ‘नंतर’, ‘एकाच वेळी’, ‘सावकाश’, ‘लवकर’ या प्रत्ययांवरून त्याचे अनुमान करावे लागते, असेही सांगून ठेवले. कालमापनाचा सारा इतिहास या एका अडचणीतून निर्माण झाला आहे. काळ थेट कोणीच मोजलेला नाही. एका पुनरावृत्तीशी दुसरी पुनरावृत्ती ताडून पाहणे, एवढेच माणसाला साधले आहे.

या ताडून पाहण्यात आपल्या व्यवसायाचा वाटा मोठा गमतीचा आहे. गॅलिलिओने पिसाच्या चर्चमधील झुलत्या दिव्याची आंदोलने स्वतःच्या नाडीवर मोजली, ही कथा त्याच्या शिष्याने सांगितलेली आहे. इतिहासकार तिच्याकडे साशंकतेने पाहतात. मात्र सतराव्या शतकाच्या प्रारंभी सॅन्टोरिओ या इटालियन वैद्याने नाडी मोजण्यासाठी लंबक वापरला, ही गोष्ट निश्चित आहे. दोरीला वजन बांधायचे, लंबकाचे झोके रुग्णाच्या नाडीशी जुळेपर्यंत दोरी आखूड-लांब करायची आणि मग दोरीची लांबी टिपून ठेवायची. म्हणजे नाडीचा वेग इंचांत! मिनिटे-सेकंद दाखवणारे विश्वासू घड्याळ त्याच्यापाशी नव्हते. ह्यूजेन्सचे लंबकाचे घड्याळ आले ते १६५६ मध्ये, आणि बरोबर एक मिनिट चालून थांबणारे वैद्याचे घड्याळ इंग्लंडच्या जॉन फ्लॉयरने जगापुढे मांडले ते १७०७ मध्ये. त्यानंतरही बहुसंख्य वैद्य नाडीचे ‘गुण’च पाहत राहिले, आकडा लिहिण्याची सवय सार्वत्रिक व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

माणूस सर्वाधिक काळ विसंबून राहिला तो मात्र पृथ्वीच्या फिरण्यावर. त्याचे साक्षीदार आम्हा इंदूरकरांच्या अगदी जवळ, पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, उज्जैनला उभे आहेत. प्राचीन भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा उज्जयिनीवरून जात असे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी तेथे वेधशाळा बांधली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. पुढे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिचा कारभार सांभाळला. सम्राटयंत्राच्या सावलीवरून वेळ वाचून पाहुणेमंडळी मनगटाकडे नजर टाकतात आणि “हे मागे आहे” असा निर्णय देतात. वस्तुतः सावली मागे नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ पूर्व रेखांशाची आहे, उज्जैन सुमारे ७५॥। अंशांवर आहे, अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २७ मिनिटे उशिराच माथ्यावर येणार. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे हा फरकही रोज सारखा नसतो. फेब्रुवारीच्या मध्यात उज्जैनची खरी मध्यान्ह १२ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास होते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून ११ मिनिटांच्या आसपास.

तेव्हा घड्याळातले बारा हा निसर्गाचा नव्हे, संमतीचा विषय आहे. ही संमती सुखासुखी मिळाली असेही नाही. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ मुंबईकरांनी १९५५ पर्यंत जपून ठेवला होता.

पुढे तर पृथ्वीही अपुरी पडली. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे तिचे फिरणे शतकागणिक दिवसाला दोन-एक सहस्रांश सेकंदाने मंदावते, तेही एकसारखे नाही. म्हणून १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ या अणूवर सोपवण्यात आली: त्याच्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. अणू आणि पृथ्वी यांची फारकत होऊ नये म्हणून १९७२ ते २०१६ या काळात जगाच्या घड्याळांत २७ ‘लीप सेकंद’ घालावे लागले. ही पद्धत २०३५ पर्यंत बदलण्याचे २०२२ मध्ये ठरले आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दोन अतिसूक्ष्म घड्याळांपैकी एक केवळ ३३ सेंटिमीटर उंच उचलले, तर ते आइनस्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे किंचित जलद चालल्याचे दिसून आले. दोन पायऱ्या वर बसलेल्या माणसाचा काळ खालच्यापेक्षा निराळा चालतो, हे आता प्रयोगशाळेत मोजता येते.

एवढे सारे साधल्यावरही एक गोष्ट कोणत्याच घड्याळाला सांगता येत नाही: मोजायला सुरुवात कोठून करायची? दोन क्षणांमधले अंतर यंत्र सांगेल, पण पहिला क्षण सांगायला साक्षीदारच लागतो. आपल्या व्यवसायात ही उणीव जिवावर बेतते ती पक्षाघातात.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तर गुठळी विरघळवणारे औषध, इतर काही बाध नसल्यास, साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. आणि मोजणी ‘घरच्यांच्या लक्षात आले’ तेव्हापासून नव्हे, तर रुग्णाला शेवटचे ठणठणीत पाहिले तेव्हापासून करायची असते. घाबरलेल्या नातलगांकडून हा क्षण मिळवणे हे सम्राटयंत्रावरील वेधापेक्षा अवघड काम आहे.

एका वृद्ध बाईंना सकाळी आठच्या सुमारास आणले होते. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. सूनबाई म्हणाल्या, “आत्ताच झालं हो, अर्धा तास.” मुलगा म्हणाला, “रात्री जेवणात लक्ष नव्हतं तिचं.” अर्धा तास आणि दहा तास, यांत उपचार देणे-न देणे ठरणार होते. मी वेळ विचारणे सोडून दिले आणि सकाळी घरात काय काय घडले ते क्रमाने विचारू लागलो. दूध कोणी घेतले? चहा कोणी केला? तेव्हा सूनबाईंना आठवले, “नर्मदेचा नळ आला तेव्हा आईंनीच मोटर लावली, डॉक्टरसाहेब. मला हाकही मारली.” त्या गल्लीत नळ सव्वासहाला येतो हे शेजाऱ्याने सांगितले. हाक मारली म्हणजे वाचा शाबूत होती, आणि मोटर लावली म्हणजे हातही चालत होता. सव्वासहा ही वेळ कागदावर लिहिली आणि बाईंना सीटी स्कॅनसाठी आत घेतले. घटिकापात्र बुडाले की घटका भरली म्हणणाऱ्यांची आणि नळावरून वेळ सांगणाऱ्या त्या माउलीची रीत एकच.

झोपेतच झटका आला तर असा साक्षीदारही नसतो. नियमाप्रमाणे तेथे झोपण्याच्या वेळेपासून मोजावे लागते आणि बहुतेकदा मुदत संपलेली असते. या अडचणीवर जो मार्ग निघाला तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण वाटतो. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात मेंदूतला बिघाड काही मिनिटांतच उमटतो, दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तो उमटायला काही तास लागतात. पहिल्यात दिसतो आणि दुसऱ्यात अजून नाही, याचा अर्थ बहुधा साडेचार तास उलटलेले नाहीत. अशा रुग्णांना औषध देऊन लाभ होतो हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत दिसून आले. म्हणजे घरातले घड्याळ मुके असले तरी दुखावलेला मेंदू आपली वेळ स्वतःच सांगतो. त्याच वर्षी, निवडक रुग्णांत गुठळी तारेने ओढून काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत वाढली. त्यावरून “मग सकाळी नेऊ” असा अर्थ काढणारी माणसे भेटतात. निवडक याचा अर्थ, ज्यांच्या मेंदूत वाचवण्याजोगे काही उरले आहे असे. आणि ते मिनिटागणिक कमी होत असते.

म्हणून समाजबांधवांना विनंती अशी. तोंड वाकडे झाले, हात उचलेना किंवा बोलणे अडखळले, तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे. सोबत रुग्णाचा मोबाइल आणावा. त्याने केलेला शेवटचा फोन किंवा धाडलेला शेवटचा निरोप यांवर मिनिटासकट वेळ असते. आणि त्याच्याशी शेवटचे नीट बोलणे ज्या कोणाचे झाले असेल त्याला गाडीत बसवावे, मग तो घरातला सर्वांत धाकटा नातू का असेना.