सर्व्हरचें दप्तर व त्याची दुसरी प्रत



शाळेंत दोन प्रकारचे कागद असतात. उत्तरपत्रिका, निबंधाच्या वह्या, वार्षिक समारंभाचे हिशेब हे पहिल्या प्रकारचे. ते गहाळ झाले तर हळहळ वाटते, पण शाळा दुसऱ्या दिवशीं भरते. दुसऱ्या प्रकारांत दाखल-खारीज रजिस्टर येतें. कोणतें मूल केव्हां आलें, त्याची जन्मतारीख कोणती, तें कोणत्या वर्गांतून केव्हां गेलें, हें सारें त्यांत असतें. मीं ज्या एका शाळेंत कांहीं वर्षें शिकविलें, तेथील असें एक जुनें रजिस्टर वाळवीनें खाल्लें होतें. मास्तर होते, मुलें होतीं, इमारतहि उभी होती; परंतु दाखला मागावयास आलेल्या मनुष्याला 'तूं येथें शिकलास' असें लिहून देण्याचा आधार कोणापाशींच उरला नव्हता. आजचा विषय संगणकाचा असला तरी मला तो या रजिस्टरावरूनच उमगला.

सर्व्हर म्हणजे इतर अनेक संगणकांच्या मागण्या पुरविणारा संगणक. बँकेंत, इस्पितळांत, रेल्वेच्या आरक्षणांत तो पडद्याआड राबत असतो. त्याच्या पोटांतहि असेच दोन प्रकारचे कागद असतात. एक लोकांची माहिती: खातीं, तिकिटें, पत्रें. दुसरें त्याचें स्वतःचें दप्तर: सुरू होतांना प्रथम काय वाचावयाचें, कोणता प्रोग्रॅम कोठें बसविला आहे, कोणत्या यंत्राशीं कोणत्या पत्त्यावर बोलावयाचें, आणि कोणाला कोणत्या कपाटाची किल्ली द्यावयाची. विंडोज जातीच्या सर्व्हरांत या दप्तराला 'सिस्टिम स्टेट' म्हणतात. लिनक्स जातींत त्याचा मोठा भाग साध्या वाचतां येण्याजोग्या मजकुराच्या रूपानें 'एटसी' नांवाच्या एका कप्प्यांत असतो. माहितीची प्रत बहुतेक शहाणे लोक ठेवतात. दप्तराची प्रत ठेवण्याचें मात्र पुष्कळांच्या लक्षांत राहात नाहीं.

या विसराची किंमत आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाहि कळली. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हा कंटेनर उतरविण्याचा धक्का आहे. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाकडे त्याचा कारभार होता. 27 जून 2017 रोजीं तेथील संगणक एकाएकीं बंद पडले. कोणता कंटेनर कोणत्या रांगेंत आहे हें सांगणारेंच मुकें झालें, कामें हातानें करण्याची पाळी आली, आणि मालाची दाटी होईल या भीतीनें बंदराला धांवपळ करावी लागली. रोगाचें मूळ येथें नव्हतें. युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तींतून 'नॉटपेट्या' नांवाचा घातकी प्रोग्रॅम निघाला होता, तो मर्स्कच्या जाळ्यांत शिरला व कांहीं तासांत देशोदेशींचीं यंत्रें निकामी करून गेला.

आतां खरी गोष्ट पुढें आहे. मर्स्कच्या बहुतेक सर्व्हरांच्या तीन ते सात दिवसांपूर्वींच्या प्रती शाबूत होत्या. परंतु जाळ्यांतील प्रत्येक मनुष्याचें नांव, परवाना व अधिकार ज्यांत नोंदलेले असतात ते 'डोमेन कंट्रोलर' नामक सर्व्हर सुमारे 150 होते, आणि त्यांच्या दप्तराची निराळी प्रत कोणीच काढली नव्हती. कां? तर ते सर्व एकमेकांच्या नोंदी सतत उतरवून घेत. एक पडला तर बाकीचे आहेतच, असा भरंवसा होता. सगळे एकदम पडतील हें कोणाच्या मनांत आलें नाहीं. आरशांतील प्रतिबिंबाला राखीव प्रत म्हणतां येत नाहीं. चेहऱ्याला डाग पडला कीं प्रतिबिंबालाहि तो पडतो.

शोधतां शोधतां आफ्रिकेंतील घाना देशांत एक कंट्रोलर सुखरूप सांपडला. हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला राहिला! तेथील तारेचा वेग इतका मंद कीं ती सामग्री इंग्लंडला पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते. तेथील कोणापाशीं ब्रिटनचा व्हिसाहि नव्हता. तेव्हां एका कर्मचाऱ्यानें ती डिस्क विमानानें नायजेरियांत नेली, विमानतळावर दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि तो ती घेऊन लंडनला गेला. कंपनीच्या अध्यक्षांनीं 2018 मध्यें दाव्होस येथें सांगितलें कीं, 4,000 सर्व्हर व 45,000 संगणक दहा दिवसांत नव्यानें उभे करावे लागले. मी कोराडीचा. आमच्या गांवीं 660 मेगावॅटचे तीन संच वीज तयार करतात, त्यामुळें वीज गेली कीं आम्हांला अंमळ लाजल्यासारखें होतें. वीज गेल्यानें एवढें भलें झाल्याची ही एकच हकीकत माझ्या ऐकण्यांत आहे.

प्रत काढणें तसें अवघड नाहीं. विंडोज सर्व्हरमध्यें त्यासाठीं 'विंडोज सर्व्हर बॅकअप' हें साधन मिळतें. त्यांत 'सिस्टिम स्टेट' निवडावें, प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी, आणि निदान एक डिस्क यंत्रापासून सोडवून दुसऱ्या जागीं कुलपांत ठेवावी. कुलपांत म्हणण्याचें कारण, या प्रतींत साऱ्या घराच्या किल्ल्या असतात. ती चोरीस गेली तर घरच गेलें. मोठा फेरबदल करण्यापूर्वीं एक ताजी प्रत अवश्य घ्यावी.

परत बसवितांना दोन अडचणी येतात. डोमेन कंट्रोलरचें दप्तर पूर्ववत् करावयाचें तर तो एका विशेष दुरुस्ती-अवस्थेंत सुरू करावा लागतो, आणि तिचा परवलीचा शब्द निराळा असतो. तो यंत्र प्रथम कंट्रोलर केलें तेव्हांच ठरविलेला असतो, म्हणजे बहुधा पूर्वींच्या माणसानें, आणि तो माणूस केव्हांच नोकरी सोडून गेलेला असतो. दुसरी अडचण शिळेपणाची. पटावरून कमी केलेल्या नांवाची खूण ही यंत्रें सामान्यतः 180 दिवस जपतात व मग पुसतात. त्याहून जुनी प्रत बसविली तर काढून टाकलेला मनुष्य पुन्हां पटावर येतो, आणि 'याचें नांव कमी झालें आहे' हें सांगणारी खूण कोठेंच उरलेली नसते. म्हणून तेवढी जुनी प्रत निरुपयोगी समजतात. आणि जी प्रत एकदांहि दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर बसवून पाहिली नाहीं, ती आहे असें मानूं नये.

हें बँकांचें व बंदरांचें झालें. पण आपल्या घरीं भिंतीवर लुकलुकणारा राउटर असतो, त्यालाहि दप्तर असतें. नातवानें त्याच्या मागील बारीक भोंकांत टांचणी घालून दाबून धरली कीं जाळ्याचें नांव, परवलीचा शब्द व कंपनीनें दिलेली जोडणीची माहिती क्षणांत पुसली जाते. बहुतेक राउटरांच्या व्यवस्थेच्या पानावर बॅकअपची सोय असते. तिनें एक लहानशी फाइल हातीं येते. ती पेन ड्राइव्हवर घ्यावी, जोडणीचें नांव व परवलीचा शब्द कागदावर उतरवावा, आणि तो कागद विजेच्या बिलांच्या फाइलींत लावावा. राउटरच्या खालीं चिकटवूं नये. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तेथें वाचतां येतो.